नांद्याहून परदेशी : विमान कंपनी प्रवासी निवडतो, की कंपनी प्रवाशाला?

१/
मुळशी तालुक्यातील नांदे. चांद्याशी जोडूनच ज्याचे नाव घेतले जाते असे हे गाव. एका अंगाला लवळ्याची टेकडी आणि तिच्यावरचे विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला हिंजवडीचे संगणक उद्यान. एका पिढीपूर्वी जेथे शेताचे बांध होते तेथे आज गृहसंकुले उभी आहेत. त्यांतील कित्येक घरांत उन्हाळा जवळ आला की एकच चर्चा रंगते : मुलाकडे, मुलीकडे, नातवंडांकडे परदेशी जायचे तर कोणत्या विमानाने जावे?

२/
प्रश्न घरगुती वाटतो, पण त्यामागे सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. विमान कंपनी निवडण्याचा अधिकार सामान्य भारतीय प्रवाशाच्या हाती येऊन जेमतेम तीन दशके झाली. त्यापूर्वी ही निवड भूगोल करी, सरकार करी किंवा परकीय चलनाचा तुटवडा करी. आणि अधिकार हाती येतो न येतो तोच तो पुन्हा आपल्याकडे वळवून घेण्याची युक्ती कंपन्यांना सापडलेली होती. त्या युक्तीचे नाव ‘फ्रीक्वेंट फ्लायर स्टेटस’. आजचा धागा तिच्याविषयी.

३/
आरंभ पुण्याच्या आसमंतातूनच करू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर एक लहानसे ‘पस मॉथ’ विमान उतरवले. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होते. लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेली पत्रे पुढे पोहोचवण्याचे काम टाटांच्या या नव्या सेवेकडे होते. मुंबईहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत तीच टपालाची थैली नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेली.

४/
मात्र जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. तेव्हा सुरुवातीच्या काळात टाटांची ही सेवा पावसाळ्यापुरता आपला संसार उचलून पुण्यास येई आणि येरवडा तुरुंगाच्या छायेतील एका मैदानावरून विमाने उडत. टाटांच्या हवाई टपालाने पावसाळी आसरा घेतला तो पुण्यात. या गोष्टीतला धडा पुढे पुन्हा भेटणार आहे : विमान आकाशात उडते, पण ते कोठून उडेल हे जमीन ठरवते.

५/
१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे नाव ‘एअर-इंडिया’ झाले. त्याच वर्षी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी कंपनीला तिचा मिशाळ, झुकून नमस्कार करणारा ‘महाराजा’ दिला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनकडे उड्डाण केले. विमानात ३५ प्रवासी होते. बोटीने आठवडे लागत तो प्रवास आता दोन दिवसांच्या आत आला.

६/
१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी उड्डाणांसाठी एअर-इंडिया आणि देशांतर्गत प्रवासासाठी इंडियन एअरलाइन्स, अशी वाटणी झाली. तरी एअर-इंडियाचा लौकिक त्यानंतरही वाढतच राहिला. १९६० मध्ये ताफ्यात बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. महाराजाच्या आदबशीर आतिथ्याची वाखाणणी परदेशी प्रवासीही करत.

७/
पण मराठी मध्यमवर्गीयाला निवड होती का? साठ-सत्तरच्या दशकांतील विद्यार्थ्याचा प्रवास आठवावा. परकीय चलन दुर्मीळ. परदेशी जाण्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘पी फॉर्म’वर परवानगी लागे. सोबत नेण्यास अधिकृतपणे मिळत ते अवघे आठ डॉलर. सरकारी कामाने जाणाऱ्याला एअर-इंडियानेच जाण्याचा दंडक. अशा वेळी ‘कोणती कंपनी?’ हा प्रश्न पडतच नसे. ‘जायला मिळते आहे का?’ एवढाच प्रश्न असे.

८/
पश्चिमेकडील प्रवाशाला तरी खरी निवड होती का? फारशी नव्हती. आंतरराष्ट्रीय मार्गांवरील भाडी ‘आयाटा’ या कंपन्यांच्या संघटनेत ठरत. सर्वांचे दर सारखेच, म्हणून चढाओढ उरे ती जेवणात आणि आदरातिथ्यात. १९५८ मध्ये अटलांटिकवर स्वस्त ‘इकॉनॉमी’ वर्ग सुरू झाला आणि त्यात साधे सँडविचच द्यावे असा नियम झाला. काही युरोपीय कंपन्यांनी मांसाच्या चळती रचून त्या सँडविचचे पक्वान्न केले, तेव्हा अमेरिकी कंपनीने तक्रार केली. हवाई इतिहासात हा प्रसंग ‘सँडविच युद्ध’ म्हणून नोंदला गेला आहे.

९/
चित्र पालटले ते २४ ऑक्टोबर १९७८ रोजी. त्या दिवशी अमेरिकेत हवाई वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. भाडे किती असावे आणि कोणी कोणत्या मार्गावर उडावे, हे आता बाजार ठरवणार होता. नव्या स्वस्त कंपन्या उभ्या राहिल्या. जुन्या कंपन्यांपुढे पेच पडला : तिकीट स्वस्त करावे तर नफा जातो, न करावे तर प्रवासी जातो.

१०/
१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने या पेचावर ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना काढली. नेहमीचे प्रवासी कोण, हे शोधायला कंपनीकडे ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण प्रणाली होती. तिच्यातील नोंदींत कोणते दूरध्वनी क्रमांक वारंवार येतात ते पाहून पहिली यादी तयार झाली. जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, आणि पुरेसे साचले की फुकट प्रवास. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली. तिकिटाचा दर न घटवता प्रवासी बांधून ठेवता येतो, हे सिद्ध झाले.

११/
या योजनेचे खरे मर्म एका साध्या गोष्टीत आहे : तिकिटाचे पैसे बहुधा कार्यालय भरते आणि मैल मात्र प्रवाशाच्या खाजगी खात्यात जातात. म्हणजे निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा. हिंजवडीतून कामानिमित्त परदेशी जाणाऱ्या अभियंत्याला हे सांगण्याची गरज नाही. दोन तास जास्त लागले, भाडे थोडे चढे असले, तरी ‘आपल्या’ कंपनीचेच तिकीट मागण्याचा मोह कोणाला झाला नाही?

१२/
हा मोह सत्ताधाऱ्यांनाही महाग पडला आहे. २००२ मध्ये जर्मनीत सरकारी प्रवासातून साचलेले मैल लोकप्रतिनिधींनी खाजगी सहलींसाठी वापरल्याचे उघड झाले. बर्लिनच्या प्रांतिक सरकारातील मंत्री ग्रेगोर गिझी यांनी त्यावरून राजीनामा दिला. भारत सरकारनेही आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले आहे की सरकारी तिकिटावर मिळालेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत.

१३/
येथे दोन गोष्टींतील भेद स्पष्ट करायला हवा. मैल किंवा पॉइंट्स हे साठवण्याचे आणि खर्चण्याचे चलन आहे. स्टेटस हा दर्जा आहे : सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मैल खर्चून दर्जा जात नाही, पण वर्ष सरले आणि ठरलेला प्रवास झाला नाही की दर्जा उतरतो. त्यासोबत लाउंज, चेक-इनची स्वतंत्र रांग, जादा सामान, प्रतीक्षायादीतील वरचा क्रमांक, हे सारे मानपान जाते.

१४/
मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला हे चटकन उमगेल. मावळ खोऱ्यांतील देशमुखांचे वतन वंशपरंपरेने चाले. सरंजामाचे तत्त्व वेगळे : तो चाकरीसाठी दिलेला, चाकरी संपली की सरकारजमा होऊ शकणारा. विमान कंपनीचे स्टेटस हा असा सरंजाम आहे. दरसाल चाकरी रुजू करावी लागते आणि सनदेतील अटी बदलण्याचा अधिकार देणाऱ्याकडेच राहतो. त्याला वतन समजणारा हमखास फसतो.

१५/
भारतात ही हवा आली ती उदारीकरणाबरोबर. ५ मे १९९३ रोजी जेट एअरवेजचे पहिले उड्डाण झाले. १९५३ च्या कायद्याने दिलेली सरकारी मक्तेदारी १९९४ मध्ये संपली. एअर इंडियाचे ‘फ्लाइंग रिटर्न्स’ आणि जेटचे ‘जेटप्रिव्हिलेज’ ही कार्डे मराठी नोकरदारांच्या पाकिटात दिसू लागली. भारतीय खाजगी कंपनीला परदेशी उडायचे तर मात्र पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने हवीत, असा नियम २०१६ पर्यंत होता.

१६/
जेटने ती अट पुरी केली. २००५ मध्ये तिचे विमान लंडनला पोहोचले. २००७ मध्ये तिने मुंबईहून ब्रुसेल्समार्गे नेवार्कची सेवा काढली. पुण्या-मुंबईच्या हजारो कुटुंबांना अमेरिकेला जाताना मराठी-हिंदी बोलणारे कर्मचारी आणि एकाच कंपनीचे तिकीट, असा नवा पर्याय मिळाला.

१७/
दरम्यान अरबी समुद्रापलीकडे एक मोठी घडामोड झाली होती. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी दुबईच्या एमिरेट्सने पाकिस्तानच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली विमाने वापरून आरंभ केला. पहिली ठिकाणे कराची, मुंबई आणि दिल्ली. सत्तरच्या दशकापासून कोकणातून रोजगारासाठी आखातात जाणारे प्रवासी होतेच. पुढे तीच आखाती विमानतळे भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्यांची धर्मशाळा बनली. दोहा आणि अबू धाबीही त्याच वाटेने गेले.

१८/
मग कंपन्यांनी आपसांत सोयरिकी जुळवल्या. १४ मे १९९७ रोजी लुफ्तान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, एसएएस आणि थाई यांनी ‘स्टार अलायन्स’ स्थापन केला. १९९९ मध्ये ‘वनवर्ल्ड’ आणि २००० मध्ये ‘स्कायटीम’ आला. एका कंपनीत मिळवलेला मान आता दुसरीतही चालू लागला. एअर इंडियाला २००७ मध्ये स्टार अलायन्सचे निमंत्रण मिळाले, मध्यंतरी ते रखडले, आणि ११ जुलै २०१४ रोजी ती अखेर सदस्य झाली.

१९/
आता पुन्हा जमिनीकडे वळू. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, त्याची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन. इंधनाने आणि प्रवाशांनी भरलेल्या मोठ्या विमानाला न्यूयॉर्कसारख्या दूरच्या ठिकाणी थेट झेपावण्यास पुण्याची लांबी अपुरी पडते. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुण्याहून फ्रँकफर्टची सेवा सुरू केली ती लहान विमानाने. औद्योगिक पुण्याची गरज खरी होती, पण ही सेवा टिकली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विस्ताराने सिंगापूरचे उड्डाण सुरू केले तेव्हा पूर्वेची वाट उघडली. पश्चिमेच्या लांब पल्ल्यासाठी मात्र नांदेकर आजही बहुधा रात्री टॅक्सीत बसून द्रुतगती मार्गाने मुंबई गाठतो.

२०/
आणि सरंजाम बुडतात तेव्हा काय होते? ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला आणि तिचे मैल मातीमोल झाले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचे शेवटचे विमान मुंबईत उतरले. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. २०१४ मध्येच जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळी कंपनी करून तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा एतिहादने घेतला होता. त्यामुळे विमाने जमिनीवर राहिली, पण पॉइंट्स तरले. पुढे ते ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने चालले. प्लॅटिनम कार्ड मात्र नुसते प्लास्टिक उरले. ज्या रांगेत मान मिळायचा ती रांगच नाहीशी झाली होती.

२१/
सनदेच्या अटीही बदलत गेल्या. आरंभी मैल म्हणजे खरोखरच उडालेले अंतर. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, २०१६ मध्ये अमेरिकनने हिशेब बदलला : किती दूर गेलात हे नव्हे, किती पैसे दिलेत ते पाहून मैल मिळू लागले. वर्षातून एकदा स्वस्त तिकिटावर अर्धी पृथ्वी ओलांडणाऱ्या कुटुंबाचा वाटा त्यामुळे घटला. महागड्या तिकिटावर वारंवार जाणाऱ्याचा वाढला.

२२/
मार्च २०२० मध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबवली. ती पूर्ववत झाली २७ मार्च २०२२ रोजी. मधल्या काळात ‘वंदे भारत’ची विमाने आणि देशादेशांतील ‘एअर बबल’ करार एवढाच आधार. कोण आधी घरी येईल, हे ठरताना गोल्ड कार्ड कोणी विचारले नाही. दूतावासाची यादी आणि प्रवासाचे कारण विचारले गेले. निवडीचा अधिकार सरकारकडे क्षणात कसा परत जातो, हे एका पिढीने त्या दोन वर्षांत प्रथमच पाहिले.

२३/
२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परतली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तिच्यात विलीन झाली आणि विस्ताराच्या सदस्यांचे पॉइंट्स तिकडे गेले. ‘फ्लाइंग रिटर्न्स’चे नाव २०२५ मध्ये ‘महाराजा क्लब’ झाले. १९४६ चा मिशाळ यजमान पुन्हा दारात उभा राहिला. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडील उड्डाणे लांबली, काहींना वाटेत इंधनासाठी थांबावे लागले. जुहूच्या चिखलापासून सुरू झालेला भूगोल अजून आपला हक्क सोडत नाही.

२४/
एवढ्या इतिहासातून नांद्याच्या घराने काय घ्यावे? आमच्या मते निवडीचा क्रम असा असावा. प्रथम, सारा प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. दुसरे, वाटेतील विमानतळावर विमान बदलायला पुरेसा वेळ. तिसरे, सामान : किती नग आणि प्रत्येकी किती किलो. चौथे, नांद्याहून विमानतळ गाठण्याची आणि परतण्याची वेळ. भाडे याच्या जोडीने पाहावे. स्टेटस शेवटी.

२५/
ज्याला वर्षातून पाच-सहा वेळा कामासाठी जावे लागते त्याने एक अलायन्स निवडून त्यातच राहणे शहाणपणाचे. स्टार अलायन्सच्या गोल्ड सदस्याला इकॉनॉमीच्या तिकिटावरही लाउंज मिळते आणि एक जादा नग किंवा वीस किलो जास्त सामान नेता येते. विमान रद्द झाले की पुढच्या जागेसाठी त्याचा विचार आधी होतो. हा लाभ खरा आहे. पण वर्षाकाठी एकच फेरी करणाऱ्याने त्या दर्जासाठी महाग तिकीट घेणे म्हणजे मिळणारच नाही अशा सरंजामासाठी चाकरी करणे होय.

२६/
या साऱ्या व्यवस्थेत एक विसंगती आहे, आणि तीच आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. विमानतळावर आधाराची सर्वाधिक गरज कोणाला असते? महिन्याला उडणाऱ्या अभियंत्याला नव्हे. त्याला प्रत्येक दार ठाऊक असते. गरज असते ती सत्तरीच्या आईला, जी लेकीच्या बाळंतपणासाठी प्रथमच एकटी निघाली आहे, पिशवीत मेथीचे लाडू आहेत आणि मध्यरात्री अनोळखी विमानतळावर दुसरे विमान शोधायचे आहे. दर्जाच्या शिडीवर ती सर्वांत खालच्या पायरीवर. मुलाचे प्लॅटिनम त्याच्या नावावर आहे. तो सोबत नसला की ते आईच्या उपयोगी पडत नाही.

२७/
म्हणून दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. व्हीलचेअरची मदत स्टेटसवर अवलंबून नसते. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी कळवले की ती मिळते, आणि चेक-इनपासून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत सोबत होते. आणि मुलाच्या खात्यातील मैल दुसऱ्याच्या नावे तिकीट काढण्यासाठी बहुतेक योजनांत वापरता येतात. दर्जा हस्तांतरित होत नाही, पण मैलांतून आईसाठी सरळ, कमी थांब्यांचे, शक्य असल्यास पाय पसरून झोपता येईल असे आसन घेता येते. कंपनी बुडण्याची किंवा अटी बदलण्याची वाट पाहत मैल साठवण्यापेक्षा त्यांचा याहून चांगला विनियोग आम्हाला सुचत नाही.

२८/
१९३२ मध्ये विमान कोठून उडेल हे पावसाने ठरवले. १९६६ मध्ये प्रवासी जाईल की नाही हे चलनाने ठरवले. १९८१ पासून तो कोणाबरोबर जाईल हे ठरवण्याची धडपड कार्डे करत आहेत. नांद्याच्या घरात यंदाची तिकिटे काढताना एवढेच विचारावे : ही निवड आपल्या माणसासाठी आहे, की कार्डावरच्या रंगासाठी?

आपल्या घरातील पहिला परदेश प्रवास कोणत्या वर्षी, कोणत्या विमानाने झाला, आणि ते विमान कोणी निवडले होते? आठवणी खाली अवश्य लिहाव्यात. धागा समाप्त.